एनव्हिडिया आणि एएमडीची ग्राफिक्स कार्डं, एकाच कॅबिनेटमध्ये

आधी गैरसमज काढून टाका: दोन्ही कार्डांची ताकद किंवा मेमरी एकत्र होत नाही. ८ जीबी आणि १२ जीबी मिळून २० होत नाहीत. कामं मात्र वाटून देता येतात.

पीएसयू, म्हणजे मशीनला वीज देणारा पॉवर सप्लाय, पाहा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, ८ पिनच्या प्रत्येक कनेक्टरमधून १५० वॅट मिळतात. दोन्ही कार्डांना स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलच्या दोन शेपट्यांवर भागवू नका. भारी कार्ड वरच्या x१६ स्लॉटमध्ये (डेटाच्या १६ वाटा असलेल्या) बसवा. खालचा स्लॉट दिसायला लांब असला, तरी बऱ्याच बोर्डांवर तो आतून x४च (चारच वाटांचा) असतो, म्हणून मॅन्युअल उघडा. दोन कार्डांत निदान एक स्लॉट मोकळा हवा, नाहीतर वरच्याचे पंखे खालच्याची गरम हवा ओढतात.

आधी एकच कार्ड लावून त्याचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मग मशीन बंद करून दुसरं लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १२' (कार्डाला पुरेशी संसाधनं मिळाली नाहीत) आला, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू करा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन प्रत्येक ॲपला कार्ड ठरवून द्या. गेम ज्या कार्डावर चालतो, मॉनिटरची केबल त्यालाच लावा. चुकीच्या कार्डाला लावली तर प्रत्येक फ्रेम पीसीआयईवरून (कार्डांना बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गावरून) दुसरीकडे कॉपी होते आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरतो. ‘नवीन कार्ड स्लो आहे’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं!

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर इंजिनमध्ये कुडा (एनव्हिडियाची प्रणाली) आणि हिप (एएमडीची) एकाच रेंडरला जुंपता येत नाहीत.