ठिणगी आणि दारूगोळ्याचं उत्तर लिहू नका

स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, इतिहास वैकल्पिकच्या दुसऱ्या पेपरात मला २५० पैकी ९१ गुण पडले. दुःखापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं, कारण आधुनिक जगाचा इतिहास हा माझा 'झालेला' भाग होता. अमेरिका, फ्रान्स, दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यनेता बोलिव्हर, सगळ्यांचे कागद चार रंगांच्या पेनांनी काढून तयार. अभ्यासिकेत नवी आलेली मुलं ते झेरॉक्सला न्यायची. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर माफ करा, आणि ते कागद फाडून टाका.

सनावळ्या तुम्हाला येतात हे धरून चालते. स्टॅम्प ॲक्ट, बॉस्टनचा चहा, जाहीरनामा, बास्तील, पुन्हा उगाळत नाही. मी जिथे पडले तेवढा खड्डा मात्र सविस्तर दाखवते, कारण त्याच्या काठावर अजूनही गर्दी दिसते.

खड्डा म्हणजे एक वाक्य: 'प्रबोधनकाळातील विचारांनी ठिणगी टाकली आणि विषमतेच्या दारूगोळ्याने पेट घेतला.' मला हे वाक्य फार आवडायचं. अमेरिकेच्या उत्तरात ठिणगीच्या जागी इंग्रज विचारवंत लॉक, फ्रान्सच्या उत्तरात रूसो, एवढाच फरक. खाली आकृती: फिलाडेल्फियातून निघालेली मशाल पॅरिसला, तिथून हैतीला, तिथून दक्षिण अमेरिकेत. टेस्ट सिरीजच्या आमच्या तुकडीत निम्म्या लोकांनी हीच आकृती काढली होती.

निकालानंतर एका निवृत्त प्राध्यापकांना माझे जुने पेपर दाखवले. ते क्लास चालवत नाहीत, फी घेत नाहीत, फोनही क्वचित उचलतात. पहिल्याच पानावर त्यांनी लाल पेनाने दोन शब्द लिहिले होते: 'कुणाची विषमता?' खाली, 'मग १७६९ मध्ये का नाही?' मी चिडून भांडायलाच गेले.

"अगं, पोलंड-रशियातला शेतकरी फ्रान्सच्या शेतकऱ्यापेक्षा सुखी होता का?"

"नाही सर. तिकडे तर वेठबिगारी होती."

"मग तिकडे का नाही पेटलं? आणि रूसो तर १७७८ मध्येच वारला. १७८९ पर्यंत ठिणगी अकरा वर्षं खिशात ठेवली होती का?"

उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का, तपासा. नसेल तर पुढचं नीट वाचा.

सुटलेली गोष्ट रुक्ष होती: तिजोरी. सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा जिंकलेला इंग्लंडही कर्जात होता आणि हरलेला फ्रान्सही. इंग्लंडने त्याचा भार वसाहतींवर टाकायला घेतला. फ्रान्सने बदला म्हणून १७७८ पासून अमेरिकेच्या बाजूने युद्धात उडी घेतली आणि आणखी कर्ज काढलं. १७८८ पर्यंत फ्रेंच सरकारचा जवळपास निम्मा खर्च कर्ज फेडण्यात जात होता. आता करमाफी असलेल्यांकडून कर मागायची वेळ आली. ते म्हणाले, आधी इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवा. ती १६१४ नंतर भरलीच नव्हती! बोलवायची तर गावोगावच्या लोकांना तक्रारी लिहून द्यायला सांगणं आलं.

त्या तक्रारवह्यांपाशी थोडं थांबा. खेड्यांच्या वह्यांत रूसो शोधायला गेलात तर हाती मिठावरचा कर लागेल. जमीनदाराची कबुतरं आमचं धान्य खातात आणि आम्हाला ती मारायची बंदी, हे लागेल. व्हर्सायला पोचलेल्या तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार सोडून बाकीच्यांच्या, प्रतिनिधींत मात्र वकील भरपूर होते, आणि त्यांच्या तोंडी 'राष्ट्र' आणि 'नागरिक' हे शब्द होते. कबुतरांची तक्रार आणि हे शब्द एकत्र आले, त्यात १७८८ चं पीक बुडालेलं, पाव महागलेला, उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत गढ्या जळू लागलेल्या. मग ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क सोडल्याच्या घोषणा झाल्या. कबुतरखान्यांचा हक्कसुद्धा त्यात गेला. रूसो वाचून शेतकरी उठला नाही. त्याचं गाऱ्हाणं आधीपासून होतं. विचारांनी त्या गाऱ्हाण्याचा हक्क केला. एवढं जरी उत्तरात आलं तरी ठिणगीची गरज संपते.

पण खरा मार मला सॅं-दोमिंगने दिला. म्हणजे आजचं हैती, तेव्हाची फ्रेंच वसाहत. वैकल्पिकच्या अभ्यासक्रमात त्याचं नाव नाही, म्हणून मी मशालीच्या आकृतीत एक बाण देऊन मोकळी झाले होते. सर म्हणाले, "हा बाण उलटा काढून बघ." मला आठवडा लागला.

आकडे बघा. १७८९ च्या सुमारास तिथे गुलाम सुमारे ५ लाख, गोरे सुमारे ३०,००० आणि जवळपास तेवढेच स्वतंत्र मिश्रवंशीय व काळे लोक. युरोपात खपणाऱ्या कॉफीचा निम्म्याहून जास्त वाटा या एका वसाहतीचा. आता पॅरिसमध्ये उच्चारलेला 'स्वातंत्र्य' हा शब्द इथे कुणाच्या कानावर कसा पडला? बड्या गोऱ्या मळेवाल्यांनी ऐकलं: फ्रान्सच्या व्यापारी मक्तेदारीतून सुटका. गरीब गोऱ्यांनी ऐकलं: बड्या गोऱ्यांशी बरोबरी, मिश्रवंशीयांशी नव्हे. मिश्रवंशीयांत स्वतः मळे आणि गुलाम बाळगणारे लोक होते. त्यांना हवा होता मताचा हक्क. त्यांच्यातला व्हिन्सेंट ओझे ऑक्टोबर १७९० मध्ये शस्त्र घेऊन उठला. गुलामांची मुक्ती त्याने मागितली नव्हती. तरी फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारलं.

तिन्ही गटांचा शब्द एकच आणि दुखणं वेगळं. माझ्या जुन्या उत्तरात हे सगळे 'पीडित जनता' या दोन शब्दांत बसले होते. परीक्षकाने गुण का द्यावेत?

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांवर गुलाम उठले. त्यांच्यात अफवा कसली होती माहीत आहे? राजाने आठवड्याला तीन दिवस सुट्टी दिली आहे आणि मालक ती दाबून बसले आहेत. राजाने! पॅरिसमध्ये लोक राजाला कैदेत ठेवू पाहत होते आणि इथे बंड राजाच्या नावाने चाललं होतं. बरेच गुलाम आफ्रिकेत जन्मलेले, काही तिकडच्या लढायांत लढलेले. मशाल फिलाडेल्फियातून आली हे वाक्य इथे गळून पडतं. जमैकातही उसाचे मळे होते, छळ तसाच होता, पण त्या वर्षी तिथे क्रांती झाली नाही. सॅं-दोमिंगमध्ये मालक आपापसांत भांडत होते, तशी फूट जमैकात नव्हती.

आणि उलटा बाण हा: बंड शमेना, वर स्पेन आणि इंग्लंडशी युद्ध जुंपलं, तेव्हा फ्रान्सचा कमिशनर सोंथोनाक्स याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतातली गुलामी रद्द केली. पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या प्रतिनिधीसभेने, सगळ्या वसाहतींत ती रद्द केली ४ फेब्रुवारी १७९४ ला, म्हणजे नंतर. 'सर्व माणसं' या शब्दांचा अर्थ पॅरिसला मळ्यांनी शिकवला. नेपोलियनने १८०२ मध्ये तो पुसायचा प्रयत्न केला, उठावातून पुढे आलेल्या तूसॅं लूव्हेर्त्यूर या नेत्याला दगाबाजीने पकडून फ्रान्सला नेलं. तो एप्रिल १८०३ मध्ये थंड किल्ल्यात मेला. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. १८२५ मध्ये मान्यतेच्या बदल्यात फ्रान्सने १५ कोटी फ्रॅंकची भरपाई मागितली, मळेवाल्यांसाठी. पुढे रक्कम कमी केली, पण हप्ते पिढ्यांनी फेडले. हे वाचून मी त्या रात्री दुसरं काही वाचू शकले नाही.

घाबरू नका, दर देशाची एवढी खोदाई करायची नाही. वेळही नसतो. एकच देश असा उलथापालथा करा, बाकीचे आपोआप तिरके दिसायला लागतात. अमेरिकेचंच घ्या. मी सुखाने लिहायचे की इंग्लंडने चहा महाग केला म्हणून लोक भडकले. १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता! दुखलं ते चोरट्या चहावर जगणाऱ्या व्यापाऱ्यांना, आणि संमतीविना लावलेला कर तत्त्व म्हणून गिळायला तयार नसलेल्यांना. कायदा केला होता ईस्ट इंडिया कंपनीला वाचवायला, ती १७७२ मध्ये आर्थिक अडचणीत होती. १७७० चा बंगालचा दुष्काळ तुम्ही याच पेपरच्या आधुनिक भारताच्या भागात वाचलेलाच आहे. दोन भागांच्या वह्या शेजारी ठेवा कधीतरी.

आता कडू बोलते. तयार नोट्सचे पीडीएफ, टॉपरच्या उत्तरांचे फोटो, टेलिग्रामवरचे 'एका पानात फ्रेंच राज्यक्रांती', यातून माझ्यासारखीच चुकीची खात्री मिळते. महिन्याला पैसे घेऊन रोज सकाळी 'आजचं टार्गेट' पाठवणारे मेंटॉर तर मला गजराच्या घड्याळासारखेच वाटतात. घड्याळ स्वस्त मिळतं. तुमचं उत्तर वाचून एक अडचणीचा प्रश्न विचारणारा माणूस हवा, मग तो शेजारच्या खुर्चीवरचा मित्र का असेना. माझी मैत्रीण भूगोलवाली आहे, इतिहासातलं तिला काही कळत नाही. ती माझ्या प्रत्येक 'जनते'खाली रेघ मारते आणि 'कुणाचं?' लिहिते. त्याचा फार राग येतो.

मराठी माध्यमवाल्यांना एक धीर देते. आपल्याकडे या विषयाची पुस्तकं कमी आहेत हे खरं, इंग्रजीतून वाचून मराठीत लिहिताना हात दुखतात हेही खरं. पण हा 'कुणाचं?' प्रश्न आपल्या घरातला आहे. थॉमस पेनच्या लेखणीने १७७६ मध्ये फिलाडेल्फिया हलवलं, त्याच पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक जोतीराव फुल्यांनी वाचलं. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना लिहिली. उत्तरात हे घुसडू नका, प्रश्न अटलांटिकचा असेल तर परीक्षक वैतागेल. पण डोक्यात असू द्या.

दुसऱ्या प्रयत्नात त्याच पेपरला १२४ आले. मुलाखतीपर्यंत गेले, यादीत नाव नाही. म्हणजे मी काही यशोगाथा नाही, हे ध्यानात ठेवूनच माझं ऐका. तिसरा प्रयत्न चालू आहे, मेसचा डबा आणि घरच्यांचे प्रश्न दोन्ही तसेच आहेत. काल बोलिव्हरचं पान पुन्हा लिहायला घेतलं. १८१६ मध्ये त्याला बंदुका आणि जहाजं दिली हैतीचा अध्यक्ष पेत्यॉं याने, अट एकच, गुलाम मुक्त करायचे. १८२६ च्या पनामा परिषदेला मात्र हैतीला आमंत्रण नव्हतं, आणि व्हेनेझुएलातली गुलामी संपायला १८५४ उजाडलं. माझ्या जुन्या कागदावर या पानाच्या मथळ्यात 'मुक्तिदाता' लिहिलं होतं, हिरव्या पेनाने. खाली रेघ मारायला आता मैत्रिणीची वाट पाहिली नाही.