महापालिकेची शाळा संस्थेकडे सोपवण्याचा प्रस्ताव कसा तपासावा

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. सरकारी पैशावर, विनाशुल्क, परंतु स्वतंत्र व्यवस्थापनाकडून ठरावीक मुदतीच्या करारावर चालणारी शाळा, असे तिचे स्वरूप आहे. मुंबईत असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र महापालिकेच्या शाळा भागीदारी करारांनी संस्थांना चालवायला देण्याचा मार्ग वापरला गेला आहे. आपल्या विभागातील शाळेबाबत असा प्रस्ताव आल्यास पालकांनी प्रथम करारनाम्याच्या मसुद्याची प्रत मागावी.

सर्वांत आधी शाळा कायद्याच्या दृष्टीने कोणाची राहणार, हे पाहावे. माझ्या मते बाकीचे बहुतेक प्रश्न याच उत्तरावर ठरतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार स्थानिक प्राधिकरणाच्या शाळेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळते, तर विनाअनुदानित खासगी शाळेवर प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागांपुरतेच हे बंधन असते. शिवाय कलम २१ मधील शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, ती विनाअनुदानित शाळेला बंधनकारक नाही. म्हणून इमारत, मान्यता आणि पटावरील मुले महापालिकेचीच राहतील, असे वाक्य करारात स्पष्ट शब्दांत असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रवेशाबाबत अमेरिकेतील पद्धत उपयोगी आहे, पण अपुरी आहे. तेथे अर्ज जास्त आल्यास सोडत काढतात. आपल्याकडे कलम १३ नुसार मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, आणि परिसरातील शाळा उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. त्यामुळे गोवंडी किंवा मालवणीसारख्या दाट वस्तीत सोडतीत नाव न आलेले मूल कोणत्या शाळेत जाईल, हे महापालिकेने लेखी सांगितले पाहिजे. मराठी, उर्दू वा हिंदी माध्यमाचे वर्ग चालू राहतील का, हेही विचारावे.

शिक्षकांची पात्रता कलम २३ नुसारच असावी लागते. सध्याच्या शिक्षकांना अतिरिक्त ठरवले, तर त्यांचे समायोजन कोठे होईल, याचा उल्लेख मसुद्यात शोधावा.

करार मोडण्याचे कलम मात्र शब्दन्‌शब्द वाचावे. संस्थेचे मूल्यमापन कोण, कोणत्या निकषांवर करणार, आणि संस्थेने वर्षाच्या मध्येच काम सोडले, तर वर्ग कोण चालवणार व दाखले कोण देणार, याची उत्तरे तेथे नसतील, तर समितीच्या बैठकीत ठराव करून हरकत नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी. मसुदा देण्यास टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे प्रस्ताव मंजुरीला जाण्याआधीच हा अर्ज दाखल झालेला असावा.