पूर ओसरल्यावर आधी कुणाचं फेडायचं?

2019 च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात छातीएवढं पाणी चढलं. माल चिखलात गेला, हप्ते मात्र कोरडे ठणठणीत राहिले.

तेव्हा एक शिकलो. जो जास्त ओरडतो त्याचं आधी फेडू नका, ज्याचं व्याज जास्त त्याचं फेडा. वहीत लिहा : कुणाचं, किती, महिन्याला व्याज काय. क्रेडिट कार्डावर 40,000 बाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज असेल, तर 1,400 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. तुम्ही 2,000 ची 'किमान रक्कम' भरून निवांत बसता, आणि मुद्दलातले जेमतेम 348 फिटतात! घरात सोनं असेल तर कमी व्याजाचं सोनेतारण काढून कार्ड आधी मिटवा. बायकोला विचारूनच, हे सांगायला नको.

पतसंस्थेत हप्ता चुकायच्या आधीच जाऊन मुदत वाढवून मागा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, हेही ठणकावून सांगा.

पाव्हण्यांचे हातउसने शेवटी. पण त्यांना तोंड चुकवू नका, महिन्याला पाचशे का होईना, देत राहा.