पिकअपवाली स्वस्त गिटार: पिकअप बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि गिटार असते कुलरच्या खोलीत. दिवसभर ओली हवा, लाइन गेली की खोली पुन्हा कोरडी ठणठणीत. स्वस्त गिटारची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात आणि लोक मात्र पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून अॅम्पकडे पाठवणारा भाग, बदलायला निघतात.

नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) कडेवरून बोट फिरवून पाहा. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं टोचत असतील तर त्या बसवलेली फळी, म्हणजे फ्रेटबोर्ड, सुकून आकसला आहे. ओलाव्यात उलटं होतं: गिटारच्या पोटाची वरची फळी फुगते, तारा उंच होतात, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरवत नाही. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तेव्हा ती कुलरच्या झोतात किंवा टिनाखालच्या भिंतीवर टांगू नका, बॅगेत घालून आतल्या खोलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको, ब्रिज (तारा अडकवलेला पोटावरचा लाकडी भाग) उखडतो.

तारा उंच वाटल्या की लगेच सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) घासणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. आधी नेक तपासा. सहावी (सर्वांत जाड) तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा. सातव्यापाशी तार आणि फ्रेटच्या मधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा आवळा, सुरात लावा, पुन्हा बघा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर उंची मोजा: सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर, पहिलीखाली दोनच्या आसपास पुरे. तिथे १ मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल बुडाकडून २ मिलिमीटर घासावं लागतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून सावकाश घासा आणि बूड अगदी सपाट ठेवा. पिकअपची पिएझो पट्टी सॅडलच्याच खाली असते. बूड वाकडं झालं की एक तार गरजते, शेजारची मुकी होते, आणि दोष विनाकारण पिकअपला लागतो.

वाजवून झालं की केबल काढा. ती खोचलेली असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी उतरतच राहते.

गणपतीच्या मंडपात गिटार घुमू लागली तर आधी बेस कमी करा, फेजचं (आवाजाची लाट उलटवणारं) बटण असेल तर दाबून बघा, साउंडहोलला (गिटारच्या पोटावरच्या भोकाला) रबरी झाकण लावा. घूं आवाज तारांना हात लावताच बदलत असेल तर अर्थिंगची शंका घ्या. त्यासाठी अॅम्पची तिसरी पिन तोडणारे पाहिले आहेत. हे कधीच करू नका, जिवावर बेतू शकतं. साउंडवाल्याला अर्थिंग तपासायला लावा, तोवर केबल जोडू नका.