मठ्ठ योद्धा, इमानी कुत्रा : एका पानाचं कॉमिक

व्यंगचित्रकार सर्जिओ आरागोनेस यांचं ‘ग्रू’ हे विनोदी कॉमिक १९८२ साली अवतरलं. त्यातला योद्धा अक्कलशून्य, पण रुफर्टो हा कुत्रा त्याला महावीर समजतो. विनोद या गैरसमजात आहे. कुत्र्याला टोमणेबाज शहाणा केलंत की जोडी फसलीच.

अशा जोडीचं एका पानाचं कॉमिक काढायला ए-फोर कागदावर चारी बाजूंनी १५ मिमी समास सोडून सहा चौकटी आखा. शेवटच्या चौकटीतला घोटाळा आधी ठरवा, मग मागे मागे या. पाचवीत संवाद नको, फक्त चेहरे.

अक्षरं चित्राआधी लिहा. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार; ओळी जवळ आल्या की दोन्ही एकमेकांत घुसतात. अक्षर ४ मिमी असेल, तर ओळींमध्येही तेवढीच जागा सोडा. संवादाभोवतीचा फुगा सर्वांत शेवटी, नाहीतर शेवटचा शब्द चेपतो. योद्ध्याला चार-पाच शब्द पुरेत. कुत्र्याची भक्ती मात्र मनातल्या विचारांच्या ढगासारख्या फुग्यात ऐसपैस वाहू द्या.

बाह्यरेषा ०.८ मिमीच्या पेनाने, बारकावे ०.३ने. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावलंत तर तलवारीसकट योद्धा फासटतो.