व्हरांड्यातली रांग: अमेरिकेच्या घटनादुरुस्त्या वर्गात कशा शिकवाव्यात

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं राज्यशास्त्र शिकवते. सुरुवातीला अमेरिकेच्या मताधिकाराविषयीच्या घटनादुरुस्त्या मी फळ्यावर क्रमानं लिहून द्यायची. एका मुलानं पेपरात लिहिलं, ‘१८७० साली अमेरिकेत सगळ्यांना मताधिकार मिळाला.’ मार्क कापायला पेन उचललं आणि लक्षात आलं, त्यानं माझंच वाक्य लिहिलंय. तेव्हापासून हा धडा मी व्हरांड्यात घेते.

आधी चिठ्ठ्या करा: गोरा मळेमालक, गुलामीतून सुटलेला काळा शेतमजूर, त्याची बायको, बोस्टनची गोरी शिक्षिका, वॉशिंग्टन शहरातला कारकून, व्हिएतनामला निघालेला एकोणीस वर्षांचा सैनिक, पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचा कोळी. एवढी माणसं एका काळातली नाहीत, हे मुलं बोलून दाखवतातच. खेळ आहे म्हणावं. सगळ्यांना रांगेत उभं करा; मळेमालकाला मत आधीपासूनच आहे, तो एक पाऊल पुढेच. तुम्ही साल पुकारायचं, ज्याला मत मिळालं त्यानं एक पाऊल पुढे यायचं.

१८७०, पंधरावी दुरुस्ती. शेतमजूर पुढे येतो. इथं थांबा आणि मजकूर नीट वाचून दाखवा. ‘सगळ्यांना मत द्या’ असं त्यात कुठेही नाही. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारता येणार नाही, एवढंच आहे. मग विचारा, दुसरं कारण काढलं तर? गेल्या वर्षी एक पोरगा चटकन म्हणाला, “टीचर, घरपट्टीची पावती मागतील!” जवळजवळ तसंच झालं. दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर कर बसवला. व्हर्जिनियात तो वर्षाला दीड डॉलर होता आणि मागच्या तीन वर्षांचा भरलेला लागायचा. शिवाय वाचनाची परीक्षा. ती करूनच दाखवा: एकाला बालभारतीतली ओळ द्या, दुसऱ्याला कायद्याचा किचकट परिच्छेद देऊन अर्थ विचारा, आणि मनाला येईल तसं नापास करा. वर्ग खवळतो. खवळू दे. शेतमजुराला पाऊल मागे घ्यायला लावा.

१९२०, एकोणिसावी: बायकांना मत. ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती आणि छत्तिसावं ठरलं टेनेसी. तिथला चोवीस वर्षांचा आमदार हॅरी बर्न विरोधकांचा लाल गुलाब लावून आला होता, पण खिशात दुरुस्तीला पाठिंबा दे म्हणणारी आईची चिठ्ठी होती. त्यानं बाजूनं मत दिलं. मुलांना हा प्रसंग फार आवडतो, पण त्यात रमून शेतमजुराच्या बायकोला विसरू नका. शिक्षिका पुढे जाते. दक्षिणेत राहणाऱ्या या बाईची वाट मात्र तोच कर आणि तीच परीक्षा अडवते.

१९६१ची तेविसावी पटकन उरका: वॉशिंग्टनकरांना राष्ट्राध्यक्षासाठी मत. त्याच वर्षी डिसेंबरात आपला गोवा मुक्त झाला, एवढं सांगितलं की साल डोक्यात बसतं. १९६४च्या चोविसावीनं कर काढला, पण फक्त केंद्राच्या निवडणुकांपुरता. राज्यांतला सुप्रीम कोर्टानं १९६६ साली मोडला. मधला १९६५चा मताधिकार कायदा ही घटनादुरुस्ती नाही, तरीही शिकवाच. शेतमजूर आणि त्याची बायको खऱ्या अर्थानं पुढे येतात ती तेव्हा.

१९७१, सव्विसावी: वय अठरा. लढायला चालतो, मग मतदानाला का नाही, हा सैनिकाचा प्रश्न. इथं मी माझ्या आईची गोष्ट सांगते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावरच्या १९६७च्या जनमत कौलाला ती एकोणीस वर्षांची होती. फूल (विलीनीकरणाची खूण) की दोन पानं (वेगळ्या गोव्याची) यावरून घरात जेवणं थांबायची, पण तिला मत नव्हतं, कारण तेव्हा आपल्याकडे एकवीसची अट होती. ती १९८९ साली अठरावर आली.

दोन तासिका लागतात. शेवटी पोर्तो रिकोचा कोळी एकटाच खांबापाशी उरतो. नागरिक अमेरिकेचा, पण बेटावर राहतो तोवर राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही. “मी कधी, टीचर?” असं विचारतोच तो. घंटा होऊ द्या. पुढचा तास त्याच्यापासून सुरू करा.