ज्यूकबॉक्स गप्प झाला? कॉइल बदलण्याआधी हे करा

जुना ज्यूकबॉक्स बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "सगळे कपॅसिटर बदलून टाक." त्यानं भागलं नाही तर दुसरा: "मग मेमरी गेली असेल." १९५५ च्या सीबर्ग व्ही-२०० पासून आलेल्या, निवडलेली गाणी लक्षात ठेवणाऱ्या टॉरमॅट मेमरीच्या माथी तर वाट्टेल ते दोष मारले जातात. तिच्यात हलणारा भाग एकही नाही. मी तिच्याकडे सगळ्यात शेवटी वळतो.

सर्किटचा नकाशा मिळवा. नकाशाशिवाय यंत्र उघडू नका, एवढंच.

प्लग काढून यंत्रणा हातानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहा. जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं होतं. मग मोटर अडते, तापते, फ्यूज उडतो आणि आपण शॉर्ट शोधत बसतो. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्यानं आधी जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळतो का, याची चौकशी करावी.

पहिल्यांदा वीज देताना मालिकेत जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा बल्ब जोडा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. यंत्र अमेरिकन असेल तर ते बहुधा ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ५० हर्ट्झवर ४५ फेऱ्यांची तबकडी साधारण साडेसदतीस फेऱ्यांनी फिरते आणि गायक झोपेत गायल्यासारखा वाटतो. हा विजेचा दोष नाही. मोटरची पुली किंवा बुश बदला.

आता खरी डोकेदुखी. निवड होते, यंत्र फिरतं, पण तबकडीपाशी कधी थांबतं, कधी नाही. अशा एका यंत्रानं माझे दोन आठवडे खाल्ले. यंत्रणा ओढून थांबवणारी कॉइल बदलली, रिले बदलला. मीटरची बीप प्रत्येक पत्ती-स्विचवर (लवचिक पत्त्या एकमेकींना टेकून जुळणारा स्विच) खणखणीत वाजत होती, म्हणून स्विचवर संशयच घेतला नाही. तिथंच फसलो.

बीपवर विश्वास ठेवू नका. कित्येक मीटर वीस-तीस ओहमपर्यंत खुशाल बीप देतात. समजा कॉइल १४ ओहमची आणि पुरवठा २८ व्होल्टचा. प्रवाह २ अँपिअर हवा. मळलेल्या कॉन्टॅक्टनं ६ ओहम वाढवले की तो १.४ वर येतो, आणि कॉइलची ओढ जवळपास निम्मी होते. यंत्र सैल असेल त्या दिवशी चालतं, नसेल त्या दिवशी नाही.

म्हणून ओहम मोजू नका, चालू सर्किटमध्ये टेकलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजा. आधी वीज बंद, मग मीटरच्या तारा क्लिपनं दोन्ही पत्त्यांना लावा, हात बाहेर, मग वीज. यंत्रणा हलत असताना प्रोब धरून आत डोकावू नका. बोटं तबकडीहून स्वस्त नसतात. एसी की डीसी ते नकाशात पाहून मीटर लावा. चांगल्या कॉन्टॅक्टवर दशांश व्होल्टही पडत नाही. माझ्या त्या यंत्रात आठ पडत होते! उघड्या कॉन्टॅक्टवर पुरवठ्याचे सगळे व्होल्ट दिसतात. स्विचची साखळी लांब असेल तर मधोमध मोजा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळतं, मग त्याचे पुन्हा दोन भाग. एक सांगायचं राहिलं: झटका देणारी कॉइल क्षणभरासाठीच बनवलेली असते. मोजण्याच्या नादात मी एक सलग चालू ठेवली आणि धूर पाहिला. दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा आणि बंद करा.

दोषी कॉन्टॅक्ट सापडला की जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पत्त्यांच्या मध्ये ओढा, नंतर कोरडी. खड्डे पडले असतील तर कॉन्टॅक्टच्या बारीक कानशीचे दोन-तीन हात पुरे. सँडपेपर अजिबात नको. त्यानं चांदीचा थर जातो आणि कण अडकून राहतात. तेलाचे स्प्रेही लांब ठेवा. शेवटी पत्तीचा ताण पाहा: कॉन्टॅक्ट टेकल्यावर दोन्ही पत्त्या जराशा एकत्र पुढे सरकल्या पाहिजेत. वाकवायची असेल तर मुळापाशी वाकवा, टोकाला नाही.

ॲम्प्लिफायर तुलनेनं सरळ. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० व्होल्टहून जास्त असतात, म्हणून वीज काढून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि रिकामे झाले का ते मोजा. सतत घुमणारा आवाज: फिल्टर कपॅसिटर. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल: ताबडतोब बंद करा, कपलिंग कपॅसिटर गळतोय का पाहा. एसीचं डीसी करणारा जुना सेलेनियम रेक्टिफायर काढून सिलिकॉन डायोड घालाल तर व्होल्ट वाढतात. मालिकेत रेझिस्टर लागतो.

सगळं झालं तरी झाकण लगेच लावू नका. एक-दोन तास गाणी वाजू द्या आणि गरम झाल्यावर तोच कॉन्टॅक्ट पुन्हा मोजा.